हसावयाचे कोणाला? दूरचित्रवाणीवरील विनोद, देवघर आणि समलिंगी मुलाचे घर

विनोद निरुपद्रवी असतो, त्याकडे फार गंभीरपणे पाहू नये, असे नेहमी सांगितले जाते. असे सांगणारे बहुधा ज्यांना कोणी हसत नाही अशांपैकी असतात. कोणत्याही समाजात कोणाला मोकळेपणाने हसावयाचे आणि कोणापुढे हसू आवरावयाचे, याचे अलिखित नियम असतात आणि ते त्या समाजातील सत्तासंबंधांतूनच निर्माण होतात. जमीनदाराच्या वाड्यात कुळाच्या बोलीला हसले जाते, कचेरीत शिपायाच्या इंग्रजीला हसले जाते, पुरुषांच्या बैठकीत बाईच्या बुद्धीला हसले जाते. दूरचित्रवाणीने हेच हसू घराघरांत, रोज ठरलेल्या वेळी नेऊन पोहोचविले. म्हणूनच धार्मिक कुटुंबातील मुलगा आपण समलिंगी असल्याचे घरच्यांना सांगतो, या विषयावर जेव्हा विनोदी मालिका किंवा चित्रपट निघतो, तेव्हा त्याचा विचार केवळ करमणूक म्हणून करून भागत नाही. त्यातील हसू कोणाच्या बाजूचे आहे, हे तपासावेच लागते.

या तपासणीसाठी छत्तीसगढमधील भिलई शहराच्या स्मृति नगरासारखी निवासी वसाहत डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. भिलईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. १९५५ मध्ये त्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या सर्व भागांतून कामगार, तंत्रज्ञ व कारकून येथे आले. दुर्ग जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. विदर्भातील मराठी माणसाला हा प्रदेश परका नव्हता. या औद्योगिक नगरीत निरनिराळ्या भाषांचे व जातींचे लोक एका पाळीत, एका भट्टीवर काम करू लागले. परंतु पाळी संपवून घरी परतल्यावर कामगार ज्या कुटुंबात पाऊल ठेवीत होता, त्याची रचना मात्र फारशी बदलली नाही. गणपती, सत्यनारायण, हळदीकुंकू, पत्रिका आणि स्थळे हे सर्व गावाहून गाठोड्यात बांधून आणल्यासारखे त्याच्याबरोबर आले.

अशा वसाहतीतील मराठी घरात एका कोपऱ्यात देवघर आणि समोर दूरचित्रवाणी संच, ही मांडणी सर्वसामान्य आहे. पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला घरी येतो. फराळाच्या ताटाबरोबर स्थळांचा विषय निघतो. पडद्यावर लाडिक हावभाव करणारा पुरुष येतो, सारे घर हसते आणि तो मुलगाही हसतो. कारण त्या क्षणी न हसणे म्हणजे सारे काही सांगून टाकणेच असते. अनेक घरांतील मौनाला हे हसू कुलपासारखे लागलेले आहे. विनोदी मालिका हे कुलूप उघडू शकते काय, हा पाहण्याजोगा प्रश्न आहे.

हास्याचा जुना रोख

भारतात दूरचित्रवाणीचा विस्तार करताना लोकशिक्षणाचे आश्वासन देण्यात आले होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जो प्रयोग झाला, त्यात तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर परिसराचाही समावेश होता. शेती, आरोग्य आणि शिक्षण हे त्याचे विषय होते. पुढे जाहिरातदार आले, १९९० नंतर खाजगी वाहिन्या आल्या आणि प्रेक्षकाचे रूपांतर ग्राहकात झाले. ग्राहक कुटुंब अस्वस्थ होऊ नये, ही व्यवसायाची पहिली अट ठरली. कुटुंबसंस्थेला धक्का न लावता हसविणे हा विनोदी कार्यक्रमांचा धंदेवाईक नियम या अटीतूनच निघाला.

पुरुषाने स्त्रीवेष घेणे मराठी रंगभूमीला नवे नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ने पिढ्यान्‌पिढ्या हसविले. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटात अविवाहित तरुणांना भाड्याने खोली मिळत नाही, म्हणून त्यांतील दोघे बायका बनतात. वीस वर्षांनंतर, २००८ मध्ये आलेल्या ‘दोस्ताना’ या हिंदी चित्रपटात दोन तरुण मायामीमध्ये भाड्याचे घर मिळविण्यासाठी आपण समलिंगी जोडपे असल्याचे सोंग करतात. दोन्ही चित्रपट दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचले. त्यांच्यातील साम्य लक्षणीय आहे. दोन्ही कथानकांना गती मिळते ती निवाऱ्याच्या अडचणीतून. घर हवे असेल तर लग्नाचा किंवा जोडीचा पुरावा दाखवा, हा व्यवस्थेचा नियम आहे आणि त्याला चकविण्यासाठी सोंग घ्यावे लागते. परंतु ‘दोस्ताना’त मुलाची धर्मपरायण आई त्याच्या तथाकथित जोडीदाराचे सुनेप्रमाणे औक्षण करून स्वागत करते, तेव्हा प्रेक्षक हसतो तो निश्चिंतपणे, हे सारे खोटे आहे, हे त्याला ठाऊक असते. सोंग चालते, सत्य चालत नाही, ही त्या विनोदाची सीमा होती. २००३ च्या ‘कल हो ना हो’मधील दोन पुरुषांना एकत्र पाहून हादरणारी कांताबेन याच सीमेवर उभी होती.

‘चला हवा येऊ द्या’सारख्या २०१४ पासूनच्या लोकप्रिय मराठी कार्यक्रमांनीही साडीतील पुरुषनटांना घराघरांत नेले. नटाचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो एका सवयीला. नाजूक चालीच्या पुरुषाने नुसते पडद्यावर यावे आणि पुढे काही न घडता हशा पिकावा, ही सवय एकदा लागली की तीच शाळेच्या वर्गात, कारखान्याच्या उपाहारगृहात आणि बसथांब्यावर जिवंत माणसावर वापरली जाते. २०२१ मध्ये छत्तीसगढ पोलिस दलात १३ तृतीयपंथी उमेदवारांची शिपाई म्हणून निवड झाली. जी माणसे विनोदी कार्यक्रमांत केवळ हसण्याचा विषय होती, ती कामाच्या आणि वेतनाच्या आधारे गणवेशात उभी राहिली. उपजीविकेचा हक्क मिळताच हसणाऱ्याची पंचाईत होते, हे या उदाहरणातून कळते.

शिकागोचे कॅथलिक घर

धार्मिक कुटुंबातील समलिंगी मुलगा हा विषय सरळ केंद्रस्थानी घेणारी विनोदी मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २ मार्च २०१६ रोजी सुरू झाली. ‘द रिअल ओ’नील्स’ असे तिचे नाव. शिकागोमधील आयरिश कॅथलिक कुटुंब, पोलिसात असणारे वडील, चर्चच्या शिस्तीत घर चालविणारी आई आणि सोळा वर्षांचा केनी, जो आपण समलिंगी असल्याचे सांगतो. प्रसारणापूर्वीच सनातनी कॅथलिक गटांनी तिच्याविरुद्ध आरडाओरडा केला. मालिकेची रचना मात्र विचारपूर्वक केलेली होती. पहिल्याच भागात कळते की आईवडिलांचे लग्न मोडत आले आहे, थोरला मुलगा उपाशी राहण्याच्या आजाराने ग्रासला आहे आणि मुलगी धर्मादायाच्या नावाने पैसे उकळीत आहे. घरातील प्रत्येकाजवळ एक रहस्य आहे. त्या साऱ्या रहस्यांत केनीचे रहस्य तेवढे असे आहे की ज्यात कोणाचे काही बिघडलेले नाही, कोणाची फसवणूक नाही. तरीही सर्वाधिक गोंधळ त्याच्यावरूनच माजतो. येथे हसू मुलावरून उठून घराच्या दिखाऊ पावित्र्यावर जाते आणि हाच अशा विनोदाचा खरा गुण आहे.

२०१७ मध्ये सुरू झालेली ‘वन डे ॲट अ टाइम’ ही दुसरी मालिका लॉस एंजलिसमधील क्यूबन वंशाच्या, कष्ट करून जगणाऱ्या कुटुंबाची आहे. सैन्यातून परतलेली व परिचारिका म्हणून नोकरी करणारी आई एकटीने घर चालविते. तिची मुलगी एलेना आपण समलिंगी असल्याचे सांगते. आजी कडवी कॅथलिक. पण काही क्षणांत ती देव, पोप आणि नात यांचा आपल्या परीने मेळ घालते आणि नातीच्या बाजूने उभी राहते. हा प्रसंग अतिशय हास्यकारक आहे आणि तितकाच खरा आहे. पुढे नातीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या पारंपरिक समारंभासाठी आजी झग्याऐवजी तिला आवडेल असा सूट शिवून देते. वडील मात्र त्या समारंभातून निघून जातात आणि आई पुढे होऊन मुलीबरोबर नाचते. स्वीकार म्हणजे भाषण नव्हे, तो सुईदोऱ्याने केलेल्या कामात दिसतो, हे ज्या लेखकांनी ओळखले त्यांना श्रमिकांच्या घराची खरी जाण आहे, असे म्हणावे लागेल.

पाप आणि कर्तव्य

ही कथा जशीच्या तशी उचलून मराठी घरात बसविता येणार नाही. कॅथलिक घरात मुलाच्या वाटेत पापाची कल्पना उभी असते. पापाचा ग्रंथ असतो, धर्मगुरू असतो, कबुलीजबाबाची जागा असते. त्यामुळे बंडालाही निश्चित लक्ष्य मिळते. मराठी मध्यमवर्गीय वा कामगार हिंदू घरात हा विषय पापाच्या भाषेत क्वचितच येतो. तेथे तो कर्तव्याच्या भाषेत येतो. मुलाने लग्न केले पाहिजे, वंश चालविला पाहिजे, सत्यनारायणाच्या पाटावर पत्नीसह बसले पाहिजे, कुलदैवताला जोडीने गेले पाहिजे. त्याने कोणावर प्रेम करावे याविषयी देवघर गप्प असते. त्याने कोणाशी लग्न करावे याविषयी मात्र जात, गोत्र, पत्रिका आणि नातेवाईक एका सुरात बोलतात. म्हणूनच आपण समलिंगी आहोत असे मुलाने सांगितले तर, “ते असू दे, पण लग्न करून घे,” असे उत्तर मिळू शकते. या उत्तरात एका अनभिज्ञ मुलीच्या साऱ्या आयुष्याचा बळी गृहीत धरलेला असतो. सरंजामी विवाहसंस्थेचे स्वरूप याहून स्पष्ट कोठे दिसणार?

मराठी साहित्य व रंगभूमीने या मौनाला पूर्वीच हात घातला होता. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले आणि त्यातील नायिका समलिंगी होती. चेतन दातारांच्या ‘एक माधव बाग’मध्ये आई मुलाची रोजनिशी वाचते आणि तिचे जग हलते. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ मध्ये आली. तीत मराठी घरातील भाऊ आणि बहीण दोघेही एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. या कृतींची जातकुळी गंभीर आहे. हिंदी चित्रपटाने विनोदाची वाट धरली. २०२० च्या ‘शुभ मंगल ज़्यादा सावधान’मध्ये अलाहाबादचे कुटुंब आहे, काळा फ्लॉवर तयार करण्यात दंग असलेले शास्त्रज्ञ वडील आहेत आणि विज्ञानाचे नाव घेणारा हा माणूस मुलाच्या बाबतीत मात्र रूढीचा आश्रय घेतो. २०२२ च्या ‘बधाई दो’मध्ये समलिंगी पोलिस अधिकारी व समलिंगी शिक्षिका घरच्यांचा ससेमिरा चुकविण्यासाठी आपसांत लग्न करतात. शेवटी दत्तक बाळाच्या निमित्ताने घरात पूजा मांडली जाते आणि दोघांचे खरे जोडीदारही तीत सामील होतात. पूजेत कोणाला जागा मिळते, या साध्या प्रश्नावर सारे कथानक येऊन थांबते. भारतीय घराचा अंतर्विरोध विनोदाने येथे अचूक पकडला आहे.

विनोद जेथे थांबतो

परंतु या चित्रपटांची आणि मालिकांची मर्यादाही येथेच आहे. शेवटी आई डोळे पुसते, वडील मुलाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि कथा संपते. प्रत्यक्ष जीवनात अडचणी त्यानंतर सुरू होतात. कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेच्या नियमांत कुटुंब म्हणजे पती वा पत्नी आणि मुले. वैद्यकीय सुविधांचे नियम प्रायः याच कल्पनेवर आधारलेले असतात. दोन पुरुषांनी वा दोन स्त्रियांनी वीस वर्षे एकत्र संसार केला तरी एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याचे त्या कुटुंब निवृत्तिवेतनावर कुटुंबीय म्हणून नाव नसते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्याचे नाकारले आणि हा प्रश्न कायदेमंडळाकडे सोपविला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी अपुरे आहे.

हा प्रश्न उच्चभ्रूंचा आहे, श्रमिकांच्या लढ्याशी त्याचा संबंध नाही, असा आक्षेप डाव्या वर्तुळातही अधूनमधून ऐकू येतो. वस्तुस्थिती उलट आहे. सधन घरातील मुलगा वेगळी सदनिका घेतो, परदेशी जातो, वकील लावतो. दोन खोल्यांत आईवडील व भावंडांसह राहणारा कंत्राटी कामगार कोठे जाणार? घरातून बाहेर पडणे म्हणजे त्याच्या दृष्टीने अंथरूण, जेवण, जातभाईंचा आधार आणि बहुधा नोकरीची ओळखही गमावणे असते. मुलीची अवस्था त्याहून कठीण. तिच्या हाती बहुतेक वेळा स्वतःचा पगार नसतो आणि लग्नास नकार देण्याचा हक्कही नसतो. बहुसंख्य विनोदी कथा मुलाच्याच असतात, मुलीच्या क्वचित, हा योगायोग मानता येणार नाही. शिवाय वाहिनीला परवडेल तोवरच वाहिनी धीट असते. ‘द रिअल ओ’नील्स’ दोन हंगामांनंतर २०१७ मध्ये बंद झाली. ‘वन डे ॲट अ टाइम’ही २०१९ मध्ये तिच्या मूळ कंपनीने तीन हंगामांनंतर थांबविली, दुसऱ्या वाहिनीवर तिला आणखी थोडे आयुष्य लाभले इतकेच. बाजाराने दिलेला आवाज बाजार परत घेऊ शकतो.

चळवळीचा वारसा

समाजवादी चळवळीने या विषयात अभिमानाने सांगावे असे बरेच आहे आणि स्पष्टपणे मान्य करावे असेही आहे. जर्मन समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल यांनी १८९८ मध्येच समलिंगी संबंधांना शिक्षा देणारे कलम रद्द करावे म्हणून जर्मन संसदेत आवाज उठविला. ऑक्टोबर क्रांतीने झारशाहीचे कायदे मोडीत काढले आणि १९२२ च्या रशियन दंडसंहितेत हा गुन्हा ठेवला नाही. १९३४ मध्ये मात्र तो पुन्हा आणण्यात आला आणि रशियात १९९३ पर्यंत टिकला. १९५९ मध्ये भिलईची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा भट्टी उभारणाऱ्या सोव्हिएत तंत्रज्ञांच्या देशात आणि ब्रिटिशांनी १८६० मध्ये लिहिलेले कलम ३७७ बाळगणाऱ्या भारतात हा संबंध सारखाच गुन्हा होता. पोलाद निर्माण करणारे हात मुक्त करण्याची भाषा चालू असता त्याच हातांच्या माणसांचे प्रेम तुरुंगाच्या छायेत होते, हा इतिहास झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पूर्व जर्मनीने १९६८ मध्ये प्रौढांमधील अशा संबंधांवरील बंदी उठविली, आणि तेथील सरकारी चित्रसंस्थेने काढलेला ‘कमिंग आउट’ हा चित्रपट ९ नोव्हेंबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत उघडली त्याच रात्री, पूर्व बर्लिनमध्ये प्रथम दाखविण्यात आला. क्यूबाच्या जनतेने २५ सप्टेंबर २०२२ रोजी सार्वमताने नवी कुटुंबसंहिता स्वीकारून समलिंगी विवाहास मान्यता दिली. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला मुक्तीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरविला, तेव्हा डाव्या पक्षांनी त्याचा निषेध केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. गुन्हा गेला, अप्रतिष्ठा राहिली. ती कायद्याच्या पुस्तकात नव्हती. ती दिवाणखान्यातील हशात होती आणि आजही आहे.

स्मृति नगरापासून सुरुवात

यावरून कार्यकर्त्यांनी काय बोध घ्यावयाचा? विनोदी मालिकेला क्रांतिकारक ठरविण्याची घाई करू नये आणि तिला भांडवली चैन म्हणून झटकूनही टाकू नये. तिने एक उपयुक्त काम केले आहे. जो विषय घरात उच्चारता येत नव्हता, तो तिने आईवडील व मुले एकत्र बसलेली असताना त्यांच्यासमोर मांडला. हसता हसता आईच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, तर तो प्रश्न पुढे नेण्याचे काम मालिकेचे नव्हे. ते संघटित माणसांचे आहे.

हे काम अगदी साध्या गोष्टींपासून सुरू होते. कामगार संघटनेच्या कार्यालयात, युवक व महिला संघटनांच्या बैठकांत नाजूक चालीच्या माणसावरचा विनोद चालू देता कामा नये. निवृत्तिवेतन, वैद्यकीय सुविधा, निवासस्थान यांच्या नियमांतील ‘कुटुंब’ या शब्दाची व्याप्ती वाढविण्याची मागणी वेतनाच्या मागण्यांबरोबर मांडावयास हवी. कारण ती श्रमाच्या मोबदल्याचीच मागणी आहे. इच्छेविरुद्ध लावल्या जाणाऱ्या लग्नांना, मग ती मुलाची असोत वा मुलीची, जाहीर विरोध झाला पाहिजे. आणि सर्वांत अवघड काम स्वतःच्या घरातील आहे. सभेत समतेवर बोलणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरीही दिवाळीला स्थळांच्या याद्या निघतात आणि त्याचा मुलगाही पडद्याकडे पाहून इतरांबरोबर हसत असण्याची शक्यता आहे. तो का हसतो, हे विचारण्याआधी त्याला न हसण्याची मोकळीक देणे हे बापाचे आणि आईचे काम आहे.

भिलईच्या भट्टीवर निरनिराळ्या जातींच्या, धर्मांच्या, भाषांच्या माणसांनी एकत्र काम केले. तेथे पोलाद कोणी ओतले, याचा हिशेब त्याच्या प्रेमावरून कोणी केला नाही. स्मृति नगरासारख्या वसाहतींतील घरांनी तोच न्याय पूजेच्या पाटालाही लावावयास हवा. घरातील मुलगा आपल्या जोडीदाराला घेऊन दारात उभा राहील, तेव्हा त्याला आत घेणारे घर आणि त्या घराला आधार देणारी संघटना, दोन्ही तयार असली पाहिजेत.